डॉक्टर, तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत

आदरणीय डॉक्टर,



हे पत्र मी दवाखान्यात आणून देऊ शकले असते. पण मग ते तुमच्या टेबलाच्या खणात गेलं असतं आणि बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर धरून बसलेल्या बायकांपर्यंत पोचलं नसतं. त्यांनाही मला हे सांगायचं आहे, म्हणून उघड लिहिते आहे. तुमचं नाव मी घेत नाही. तुमची बदनामी व्हावी असं माझ्या मनात नाही. मी दुखावले आहे आणि ते तुम्हाला कळावं, एवढीच इच्छा आहे.

दुखावले आहे कारण तुम्ही परके नाही. लग्न होऊन मी सांगलीत आले तेव्हापासून आमच्या घरचे डॉक्टर तुम्हीच. थोरल्याच्या कांजिण्या, धाकटीचा दमा, सासऱ्यांचं शेवटचं आजारपण, सगळं तुमच्या हातून गेलं. रात्री अकराला फोन केला तरी तुम्ही स्कूटर काढून आलात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी तुमच्या दवाखान्यात शिरलं, तेव्हा पाणी ओसरल्यावर तुमचे भिजलेले केसपेपर आम्ही आमच्या गच्चीवर विटांचे तुकडे ठेवून वाळवले. त्यांत माझाही होता. दोन्ही बाळंतपणांच्या तारखा, त्यानंतरचा अशक्तपणा, तांबी बसवल्याची नोंद, सगळं तुमच्या अक्षरात. माझ्या शरीराची इतकी माहिती ज्यांच्याकडे होती, त्यांनी सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी पाळी कशी चालली आहे एवढंसुद्धा विचारू नये, हे मला अजून पचत नाही.

मी तुमच्याकडे काय घेऊन आले होते ते आज नीट सांगते. त्या दिवशी तुम्ही मला पूर्ण सांगू दिलं नव्हतं.

मी सहकारी बँकेत रोखपाल आहे. पाचशेची गड्डी यंत्रातून निघाली तरी हाताने एकदा मोजायची, ही माझी जुनी सवय. एका दुपारी मी गड्डी मोजली, शंभर भरल्या, पट्टी लावली, आणि मला खात्रीच वाटेना. पट्टी फोडून पुन्हा मोजली. पुन्हा शंभर. तरी हात थांबेना. काउंटरपलीकडे पेन्शनवाल्यांची रांग होती. छातीतून एक गरम वाफ उठली ती मानेवरून कानांपर्यंत चढली, पाठीला ब्लाउज चिकटला, आणि आता काहीतरी भयंकर होणार असं मला वाटलं. काय होणार ते मलाच सांगता येत नव्हतं. संध्याकाळी रोख पैशापैशाला जुळली. तरी घरी येऊन मी रात्रभर विचार करत राहिले, की कुणाला जास्त तर दिले गेले नाहीत ना?

पुढे ते रोजचं झालं. पहाटे तीनच्या सुमाराला घामाने भिजून जाग यायची, छाती इतकी धडधडायची की गादीवर उठून बसावं लागायचं. मुलगी पुण्याहून एसटीत बसली की ती उतरून फोन करेपर्यंत घास उतरायचा नाही. लिफ्टमध्ये शिरवत नसे. फोन वाजला की आधी पोटात खड्डा पडायचा. डॉक्टर, मी अशी बाई नव्हते, आणि हे तुम्हाला ठाऊक होतं. महापुरात पाणी आमच्या जिन्याच्या पायऱ्या चढत होतं तेव्हा घरातले सगळे गॅलरीत उभे राहून पाण्याकडे बघत होते आणि मी आत सगळ्यांसाठी भाकऱ्या थापत होते. सहा-सात वर्षांपूर्वीची ती बाई आणि तुमच्यासमोर रुमाल पिळत बसलेली ही बाई यांच्यात काय बदललं, हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा होता.

तुम्ही ब्लडप्रेशर पाहिलंत, कार्डिओग्राम काढलात, पट्टी उजेडात धरून पाहिलीत आणि म्हणालात, "वहिनी, सगळं नॉर्मल आहे. तुम्ही फार विचार करता." मग माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणालात, "साहेब, यांना जरा कुठेतरी फिरवून आणा. मुलं बाहेर गेली की या वयात असं होतं."

मी समोर बसलेली होते. माझ्याबद्दल बोलताना तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत.

कार्डिओग्राम चांगला आला याचं मला समाधान वाटलं, खोटं कशाला बोलू. पण घरी परतताना हे म्हणाले, "डॉक्टर म्हणाले ना काही नाही? मग काही नाही." तुमचा शब्द आमच्या घरात चालतो. त्या दिवसापासून माझं घाबरणं हा माझा स्वभाव ठरला. सासूबाई म्हणू लागल्या की हिला हल्ली सगळ्याचं अती होतं. मुलगा म्हणाला, "आई, चिल." मी रात्री उठून बसले की हे कूस बदलत. कुणी वाईट वागलं नाही. पण 'काही नाही' असं तुम्ही सांगितल्यावर जे मला होत होतं ते बोलायची जागाच उरली नाही.

तेव्हा माझी पाळी कधी वीस दिवसांनी येत होती, कधी दोन-दोन महिने लांबत होती, आणि आली की इतकं अंगावर जायचं की बँकेत गडद रंगाची साडी नेसूनच जावं लागायचं. तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. नवऱ्याला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगितलं असतंत तर सगळंच सांगितलं असतं. रक्त कमी झालं तरी छाती धडधडते, थायरॉइड वाढलं तरी हात थरथरतात आणि घाम सुटतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. हिमोग्लोबिन आणि टीएसएच या दोन तपासण्या कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होतात. त्यांची चिठ्ठीसुद्धा तुम्ही लिहिली नाहीत. पुढे मिरजेत तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. थायरॉइड ठीक होतं.

तुम्ही लिहिलीत ती अल्प्राझोलामची गोळी. "झोप लागेल, रात्री एक घ्या." पहिल्या रात्री खरंच झोप लागली आणि मी तुम्हाला मनोमन दुवा दिला. पण ती किती दिवस घ्यायची हे तुम्ही सांगितलं नाहीत. दोन ते चार आठवड्यांपलीकडे ही औषधं सहसा नेऊ नयेत, शरीराला त्यांची सवय लागते, एकदम बंद केली तर पहिल्यापेक्षा जास्त घाबरं होतं, क्वचित झटकेही येऊ शकतात, हे मला फार उशिरा कळलं. कायद्याने ती शेड्यूल एच-वन मधली गोळी आहे. मेडिकलवाल्याने प्रत्येक विक्रीची वेगळ्या वहीत नोंद ठेवायची असते. आमच्या मेडिकलवाल्याने ती मला त्याच जुन्या चिठ्ठीवर महिनोन् महिने दिली. सकाळी डोकं जड, दुपारी नावं आठवत नाहीत, आणि रोखपालाला आकडे आठवेनासे झाले की काय वाटतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. तुमच्याकडे पुन्हा आले तेव्हा तुम्ही अर्ध्या मिनिटात गोळी पाव मिलिग्रॅमवरून अर्ध्यावर नेलीत.

आणि मग अंगावर फार जातंय असं मी स्वतःहून सांगितलं, तेव्हा तुम्ही एका रुग्णालयाच्या नावाने चिठ्ठी दिलीत. तिथे सोनोग्राफीत लहानशी गाठ दिसली. तिथल्या सर्जननी पेनाने कागदावर गर्भाशयाचं चित्र काढलं, त्यावर फुली मारली आणि विचारलं, "दोन मुलं झालीत ना? मग ठेवायची कशाला पिशवी? अंडाशयंही काढून टाकू, पुढे कॅन्सरची भीती नको. सगळी कटकट एकदम मिटेल." तारीखसुद्धा देऊन टाकली. मी तुम्हाला फोन करून विचारलं. तुम्ही म्हणालात, "ते म्हणतात तर करून घ्या, वहिनी."

याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, डॉक्टर. पाळी आपोआप जायच्या आधी दोन्ही अंडाशयं काढली तर जे बदल शरीरात काही वर्षांत हळूहळू व्हायचे ते एका शस्त्रक्रियेत होतात. इस्ट्रोजेन एकदम खाली येतं. गरम वाफा, घाम, निद्रानाश आणि घाबरेपणा पुष्कळदा आणखी तीव्र होतो, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. मी ज्या त्रासासाठी औषध मागत होते, तोच त्रास मला जास्त जोरात देणारी शस्त्रक्रिया मला सुटका म्हणून सांगितली गेली. आणि हे बीडच्या बायकांचं सगळं उघडकीला आल्यानंतरच्या महाराष्ट्रात! २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातल्या ऐंशी हजारांहून अधिक ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली आणि तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. कित्येक जणी चाळिशीच्याही आतल्या. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, पाळीत कामाला जाता येत नाही, म्हणून पिशवीच काढून टाका, असं त्यांना सांगितलं गेलं. त्याच बायकांच्या टोळ्या दर हंगामाला आपल्या सांगली जिल्ह्यातल्या फडांत ऊस तोडायला येतात. त्यांच्यातली एखादी तुमच्याही बाकावर बसून गेली असेल. माझ्याकडे नोकरी आहे, मेडिक्लेम आहे, चार बुकं शिकले आहे, तरी मी जवळजवळ त्या टेबलावर पोचले होते. तिचं काय होत असेल?

मी तारीख चुकवली. बँकेतल्या एका मैत्रिणीने मला मिरजेला तिच्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "शेवटची पाळी कधी आली?" दुसरा, "त्याच्या आधीची?" एवढं विचारल्यावर मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं, मग कॅलेंडर पुढे ठेवलं.

त्यांनी जे समजावलं ते मला तुमच्याकडून ऐकायचं होतं. बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. आपल्याकडे हे साधारण ४६-४७ व्या वर्षी होतं, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. पण त्रासाची खरी वर्षं त्याच्या आधीची असतात. त्या काळात इस्ट्रोजेन सरळ कमी होत जात नाही. ते आज वर जातं, उद्या आदळतं. सेरोटोनिनसारखी मेंदूतली जी रसायनं मन स्थिर ठेवतात, त्यांच्यावर इस्ट्रोजेनचा परिणाम असतो. शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्रही मेंदूत आहे. इस्ट्रोजेन कमी झालं की ते जरा जरा कारणाने बिथरतं, म्हणून वाफा येतात. आणि एक गोष्ट ऐकून तर मी सुन्न झाले. ज्या महिन्यात बीज सुटत नाही, त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन फारसं तयारच होत नाही. त्या प्रोजेस्टेरॉनपासून शरीर जे एक रसायन बनवतं, ते मेंदूतल्या गाबा ग्राहकांवर काम करून मन शांत ठेवतं. तुमची अल्प्राझोलामची गोळी नेमकी त्याच ग्राहकांवर काम करते. म्हणजे माझ्या शरीरात काय कमी पडतंय त्याच्या अगदी जवळ तुम्ही बोट ठेवलं होतंत, आणि तरीही मला ते सांगितलं नाहीत.

अमेरिकेत १९९६ पासून 'स्वान' नावाचा मोठा अभ्यास चालू आहे, वेगवेगळ्या वंशांच्या बायकांना वर्षानुवर्षं तपासत आलेला. ज्यांना आधी चिंतेचा त्रास नव्हता अशा बायकांमध्येही पाळी जाण्याच्या काळात चिंता वाढण्याची शक्यता जास्त होते, असं त्यात दिसलं. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी माझी बाजू घेतली. माझा स्वभाव बिघडलेला नव्हता.

मग त्यांनी उपाय सांगितले, आणि प्रत्येकाच्या मर्यादाही सांगितल्या. आधी लोहाच्या गोळ्या आणि रक्तस्राव आटोक्यात आणणं. अल्प्राझोलाम एकदम बंद नाही करायची, मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली पाव-पाव करत कमी करायची. चालणं, वजन उचलण्याचे हलके व्यायाम, संध्याकाळनंतर चहा बंद. यांनी झोप सुधारते, वाफा जातातच असं नाही. टीव्हीवर जाहिरात येते त्या चूर्णांच्या डब्याबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या की पैसे वाचवा.

पुढचा उपाय बोलण्याचा. विचार आणि वागणूक यांच्यावर काम करणारी सीबीटी नावाची उपचारपद्धत आहे. लंडनमध्ये खास पाळी जाण्याच्या काळातल्या बायकांसाठी तिच्या चाचण्या झाल्या. वाफांची संख्या त्याने फारशी घटली नाही, पण त्यांचा जाच मात्र घटला. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१५ च्या मार्गदर्शनात या काळातल्या चिंतेसाठी ती सुचवली आहे. मी आता सांगलीतच एका समुपदेशक ताईंकडे जाते. त्या मला वहीत लिहायला लावतात. वाफ आली की मनात काय येतं? 'गड्डी चुकली.' पुरावा काय? यंत्राचा आकडा, हाताचा आकडा. मग पट्टी फोडायची नाही. वाफ दोन-चार मिनिटांत उतरते, तोवर खुर्चीत पाठ टेकून पोटातून हळू श्वास सोडत राहायचं, रांग थांबली तरी चालेल. पहिल्या वेळी बोटं अक्षरशः पट्टीकडे ओढली जात होती. मी हात मांडीखाली घेऊन बसले. वाफ उतरली. गड्डी तशीच राहिली. ज्यांना फी परवडत नाही किंवा ज्यांच्या गावात असं कुणी नाही, त्यांच्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर २०२२ पासून आहे. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तो नंबर तुमच्या दवाखान्याच्या भिंतीवर, लसीकरणाच्या तक्त्याशेजारी लावायला काय हरकत आहे?

तिसरा उपाय एस्सिटालोप्रामसारख्या नैराश्य-चिंतेवरच्या औषधांचा. त्यांची अल्प्राझोलामसारखी सवय लागत नाही, वाफाही थोड्या कमी होतात, पण गुण यायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला बेचैनी वाढू शकते. हार्मोन चालत नाहीत अशा बायकांना यांचा मोठा आधार असतो.

आणि चौथा, हार्मोनचा. हा मी अजून ठरवते आहे. त्याविषयी विचारायला मी पुन्हा तुमच्याकडेच आले होते, कारण मिरजेच्या बाई कितीही चांगल्या असल्या तरी माझ्या घरची माणसं तुम्ही ओळखता. मी कागद पुढे ठेवला. तुम्ही वाचलाही नाहीत. "हार्मोन? छे! कॅन्सर होतो. आणि आता या वयात कशाला?" विषय संपला. हे पुन्हा माझ्याकडे न बघता, यांच्याकडे बघत.

डॉक्टर, ही भीती कुठून आली ते मी आता वाचलं आहे. अमेरिकेतला 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' हा अभ्यास २००२ च्या जुलैत मध्येच थांबवला गेला आणि जगभर मथळे झळकले. त्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या गटात दर दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या ३८ केसेस झाल्या, न घेणाऱ्या गटात ३०. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. त्या आठ जणी होत्या, त्यांना मी कमी लेखणार नाही. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, पाळी जाऊन बऱ्याच जणींना दहा-दहा वर्षं झालेली, आणि औषध तोंडाने घ्यायचं, जुन्या प्रकारचं. ज्यांची पिशवी काढलेली होती आणि ज्या नुसतं इस्ट्रोजेन घेत होत्या, त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढलाच नाही. आज या विषयातल्या तज्ज्ञ संघटना सांगतात, की साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या बाईला त्रास असेल आणि स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव असं काही नसेल, तर बहुधा फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. त्वचेवर लावायच्या जेलने गुठळ्यांचा धोका गोळीसारखा वाढत नाही. पिशवी जागेवर असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन घ्यावंच लागतं, नाहीतर आतल्या अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ च्या नोव्हेंबरात या औषधांवरचे बरेचसे चौकटीतले इशारे काढायचं जाहीर केलं.

म्हणजे हार्मोन निर्धोक आहेत असं मी म्हणत नाही. ते मुख्यतः वाफा आणि घामावरचं औषध आहे. रात्रीचा घाम थांबून झोप लागली की मनही पुष्कळदा सावरतं, पण नुसत्या चिंतेवरचा रामबाण म्हणून ते कुणी देत नाही, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं. माझ्या मावशीला सत्तरीत स्तनाचा कॅन्सर झाला होता. तिची ड्रेसिंग मी केली आहेत, त्यामुळे कॅन्सरची भीती मला कुणी शिकवायला नको. मॅमोग्राफी करून घेतली आहे, रिपोर्ट बाई बघणार आहेत, मग मी आणि त्या बसून ठरवू. कदाचित मी जेल घेईन. कदाचित नको म्हणेन आणि सीबीटीवरच राहीन. जे ठरेल ते माझ्या शरीराचा, माझ्या मावशीचा, माझ्या नोकरीचा विचार करून ठरेल. तुमच्या त्या दोन वाक्यांनी हा विचार करायची संधीच माझ्याकडून काढून घेतली होती.

मला ठाऊक आहे, तुमच्या ओपीडीत सकाळी पन्नास माणसं असतात. तापाची लेकरं असतात, साखर वाढलेली म्हातारी माणसं असतात. पण याच ओपीडीत मी गरोदर होते तेव्हा तुम्ही मला दर महिन्याला वजनकाट्यावर उभं केलंत, पायावरची सूज बोटाने दाबून पाहिलीत, "वहिनी, पालेभाजी खाता ना?" असं विचारलंत. तेव्हा वेळ होता. माझ्या पोटात तेव्हा कुणीतरी होतं. आता मी एकटीच आले होते. एवढा फरक पडावा का? सरकारकडेही बाळंतिणीसाठी कार्ड आहे, लेकरासाठी लसीचा तक्ता आहे. पाळी जाणाऱ्या बाईसाठी तुमच्या भिंतीवर साधा कागदही नाही. आयुष्याचा तिसरा हिस्सा तिला अजून जगायचा असतो.

माफी मागा असं मी म्हणत नाही. आमच्या घरचं ताप-खोकल्याचं तुमच्याकडेच चालू राहील, सासूबाईंना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला चालत नाही. पण माझ्या घाबरण्याला तुम्ही दिलेलं नाव तुम्हीच मागे घ्या, आणि ते माझ्या नवऱ्यासमोर घ्या. मी कितीही सांगितलं तरी घरात अजून तुमचंच वाक्य चालतं.

आणखी एक. माझी धाकटी जाऊ सोमवारी तुमच्याकडे येणार आहे. चव्वेचाळीस वर्षांची आहे. ती म्हणेल की जीव घाबरतो, झोप लागत नाही, उगाच रडू येतं. माझे दीर बरोबर असतील. त्यांना बाहेर बसायला सांगा. तिला शेवटच्या पाळीची तारीख विचारा, त्याच्या आधीचीही विचारा. हिमोग्लोबिन आणि टीएसएचची चिठ्ठी द्या. गोळी लिहिलीत तर ती किती दिवसांची ते कागदावर लिहा. आणि कोणकोणते उपाय आहेत ते तिला, तिच्याकडे बघून, सांगा. कोणता घ्यायचा ते ती ठरवील.

आपली,
एक जुनी पेशंट